पाण्याखालचा बांध

गंगापूर धरणाच्या फुगवट्यावर मोतीरामच्या होडीत पहिल्यांदा बसलेला माणूस साधारण दहाव्या मिनिटाला एक प्रश्न विचारतो. तोवर त्यानं कानटोपी सारखी केलेली असते, लाइफ जॅकेटचे पट्टे ओढून पाहिलेले असतात आणि स्वतःचे पाच-सहा फोटो काढून झालेले असतात. चारी बाजूंना पाणी, पाण्यावर पौषातलं धुकं आणि होडी नाकासमोर चाललेली. एवढ्यात मोतीराम डावं वल्हं धरून ठेवतो, उजवं दोनदा जोरात मारतो आणि होडी चक्क काटकोनात वळते.

"काका, आपण वळलो का?"

"हो."

"का पण?"

"वाट इथनं वळती."

विचारणारा पाण्याकडं बघतो. त्याला वाट दिसत नाही. मोतीरामला दिसते.

ती तिथं आहेच. पंचवीस-तीस हात खाली आहे, एवढंच. धरणाचं पाणी आलं तेव्हा मोतीराम नऊ वर्षांचा होता. गाव उठून टेकडीवर जाऊन बसलं, जमिनी सरकारनं घेतल्या, सातबाऱ्यावरून नावं गेली. मोतीरामच्या डोक्यातून त्या जमिनी काढायची मात्र सरकारनं काही तजवीज केली नव्हती. त्यामुळं आज एकोणसत्तराव्या वर्षीही तो होडी हाकतो ती गावातून बैलगाडी हाकावी तशी. आधी स्वतःच्या मळ्यावरून, मग गाडवाटेनं, कारण गाडवाट सगळ्यांची, मग ओढ्याच्या काठानं, आणि शेवटी मारुतीच्या पाराला उजवी घालून स्वतःच्याच मळ्याच्या दुसऱ्या टोकाला, सूर्यास्त बघायच्या जागेवर. सरळ गेलं तर वीस मिनिटांचं अंतर आहे. मोतीरामला पन्नास लागतात. मध्ये भिकनचं शेत आहे, आणि दुसऱ्याच्या शेतातून जायचं नसतं.

दिवाळीपासून महाशिवरात्रीपर्यंत होडी आणि उरलेलं वर्ष शेवंती-झेंडू, असा त्याचा संसार चालतो. होडीचं बुकिंग सून मंजुषा बघते. मंजुषा सातपूरची. वडील कारखान्यात, घर दोन खोल्यांचं, शेजाऱ्यांची आणि यांची भिंत एकच. इकडं खिळा ठोकला की तिकडचं कॅलेंडर पडायचं. त्यामुळं बांध ही वस्तू तिला लग्नानंतर कळली, आणि तीसुद्धा पाण्याखालची. मोबाइलवर लोकांनी लिहिलेले अभिप्राय ती सासऱ्याला मोठ्यानं वाचून दाखवते.

"'नावाडी अतिशय सभ्य. चहा चांगला. पण विनाकारण काटकोनात वळतात. तीन तारे.' ऐकलंत आबा?"

"सभ्य म्हनलाय ना?"

"आबा, लोकांना ती बदकं बघायचीयेत. गंगापूर रोडवरून पहाटे उठून येतात बिचारे, गळ्यात एवढाले कॅमेरे घालून. आणि तुम्ही त्यांना लांबून दाखवता. तिथं आता आहे काय? मासे!"

"मासे कुनाच्याबी शेतात जातात. त्यांना कळत नाय."

बदकांचं दुखणं खरं होतं. थंडीत कुठून कुठून लांबून येणारी ही पाखरं बसतात ती भिकनच्या शेतातल्या टेकाडावर. तेवढाच भाग पाण्याबाहेर डोकं काढतो. सूर्यास्त मात्र मोतीरामच्या मळ्यावरूनच चांगला दिसतो. भिकनचीही होडी आहे, मोटर लावलेली. पण तोही मोतीरामच्या पाण्यात येत नाही. परिणामी त्या काठावर येणाऱ्या माणसाला पाखरं तरी बघता येतात नाहीतर सूर्यास्त तरी. दोन्ही हवं असेल तर होडी बदलावी लागते, आणि कारण दोघंही सांगत नाहीत.

कारण होतं जांभूळ.

मोतीरामच्या आणि भिकनच्या शेतांमधल्या बांधावर एक जांभळीचं झाड होतं. ते कुणाचं, यावरून दोन घरांत जे बिनसलं ते मोतीरामच्या जन्माच्या आसपास बिनसलं. मोतीरामची आई कुसाबाई म्हणे, जांभूळ आपली. बांध तिच्या पलीकडून जात होता. भिकनचा बाप म्हणे, आमची. बांध अलीकडून जात होता, तुम्ही दगड सरकवलेत. मामलेदारापर्यंत गेलं. मामलेदार बघायला येणार येणार म्हणेपर्यंत पाणी आलं आणि झाड, बांध आणि दोन्ही शेतं एकदमच बुडाली. दुसऱ्या कुठल्या गावात भांडण तिथंच मिटलं असतं. इथं पुरावाच बुडाल्यामुळं ते कायमचं टिकलं.

मोतीराम आणि भिकन शाळेत चार वर्षं एका बाकावर बसले. पेन्सिलची मागणी तिसऱ्या मुलामार्फत व्हायची.

कुसाबाई बारा वर्षांपूर्वी गेली. जाण्याआधी तिनं मुलाला जवळ बोलावून सांगितलं, "भिकनच्या बापाच्या पाण्यात वल्हं घातलंस, तर माझ्या पिंडाला शिवू नकोस." मोतीरामनं वल्हं घातलं नाही. पण त्याच्या मनात एक खडा राहिला. आपली आई खरं बोलत होती, हे कुणीतरी, बघितलेल्या माणसानं, एकदा तोंडानं सांगावं, एवढंच त्याला हवं होतं. त्यासाठी पंचक्रोशीत ज्याचं वय ऐंशीच्या पुढं सरके त्याच्याकडं तो नेमानं केळी घेऊन जाई. इकडचं तिकडचं बोलून झालं की विचारी, "जांभूळ कुनाची वो होती?" कुणाला जांभूळच आठवत नव्हती. एकाला चिंच आठवत होती. दोघं "आठवून सांगतो" म्हणाले आणि वारले. अशा तऱ्हेनं साक्षीदार संपत आले आणि मोतीराम स्वतःच ऐंशीच्या दिशेनं सरकू लागला.

आणि मग जानेवारीतल्या एका गुरुवारी, बुकिंग नसताना, काठावर एक गाडी येऊन थांबली. गाडीतून जीन्स-जॅकेटमधली एक मुलगी उतरली आणि तिनं हात देऊन एका नऊवारीतल्या म्हातारीला उतरवलं. म्हातारीच्या डोळ्यांवर मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरचा काळा चष्मा होता, तिची मान ताठ होती आणि हातात पिशवी होती.

"तू कुसाचा मोत्या ना?" म्हातारीनं विचारलं.

"हो."

"दात कुठं गेले रे तुझे?"

"गेले." मोतीराम निरखून बघत म्हणाला. "तुम्ही...?"

"यशोदा. भिकनची आत्या. मनमाडला दिली होती मला, रेल्वेतल्या मानसाला. ही माझी नात, दिशा. हिच्याकडं आलते डोळ्यासाठी, गंगापूर रोडला. आता दिसायला लागलं तर म्हनलं माहेर बघून घ्यावं."

मोतीरामच्या हातातला चहाचा कप जिथं होता तिथं थांबला. यशोदाआत्या जिवंत आहे हे गावात कुणाला माहीत नव्हतं. तिनं तरी कळवायचं कुणाला? जे कळवून घेणारे होते ते गेले होते. म्हणजे पंचक्रोशीबाहेर, मनमाड जंक्शनला, इतकी वर्षं एक साक्षीदार शिल्लक होता आणि मोतीराम इकडं केळी वाटत फिरत होता.

"आत्या," तो एकदम म्हणाला, "जांभूळ कुनाची?"

"आधी ओट्यावर ने. मग सांगते."

"कुठल्या ओट्यावर?"

"आमच्या. दुसऱ्याच्या ओट्यावर काय करू मी?"

ओटा भिकनच्या घराचा. घर भिकनच्या शेतात. शेत भिकनच्या बापाच्या पाण्यात.

"भिकन नेईल की," मोतीराम हळूच म्हणाला. "त्याची मोटर हाय. पाच मिनिटांत."

"मोटरनं मला ढवळतं. आन् माझं काम तुझ्याकडं हाय, भिकनकडं नाय. नेतोस का जाऊ?"

मंजुषा शेवंतीच्या वाफ्यातून हे सगळं ऐकत होती. पाण्याचा पाइप तिनं बराच वेळ एकाच रोपावर धरून ठेवला.

होडी निघाली. मळ्यावरून, गाडवाटेनं, ओढ्याच्या काठानं. दिशानं दहाव्या मिनिटाला तो प्रश्न विचारला आणि उत्तर तिच्या आजीनंच दिलं, "अगं, वाट वळली, दिसत नाय का?" मोतीरामला आयुष्यात पहिल्यांदा होडीत कुणीतरी आपल्या गावचं बसलंय असं वाटलं. टेकडीवरचा शेंदरी म्हसोबा आणि त्यामागचा विजेचा टॉवर एका रेषेत आले तसं त्यानं दोन्ही वल्ही उचलून होडीत घेतली. बांध आला होता.

"काय झालं?" यशोदाआत्यानं विचारलं.

मोतीरामनं आईचं बोलणं सांगितलं. पिंडाचं सांगितलं. आत्या ऐकत राहिली. मग म्हणाली, "कुसा नेमकं काय म्हनली? तू जाऊ नको म्हनली, का वल्हं घालू नको म्हनली?"

"वल्हं घालू नको."

"मग तू नको घालू. दिशा घालील."

दिशानं हे काम एकदम अंगावर घेतलं. जिममध्ये ती रोज वीस मिनिटं वल्ही मारत होती. जिममधलं यंत्र वीस मिनिटांत जिथल्या तिथंच राहतं, आणि होडीही सुरुवातीला तशीच राहिली. नंतर ती स्वतःभोवती फिरू लागली. मोतीराम समोरच्या फळीवर हातांची घडी घालून बसला. आपण काहीही करत नाही हे वरून आईला नीट दिसावं म्हणून त्यानं हात काखेतही घातले.

"डावं मारा," तो म्हणाला.

"मारतेय ना!"

"ते उजवं हाय."

"तुमचं उजवं, का माझं?"

"आत्ता तुमच्या हातात हाय ते, ताई."

पाव तासानं होडी म्हसोबा-टॉवरची रेष ओलांडून पलीकडं गेली. कशी गेली ते दिशालाही सांगता आलं नसतं. बदकांचा थवा टेकाडावरून उठला, वर एक फेरी मारून पुन्हा बसला. मोतीराम त्यांना इतक्या जवळून पहिल्यांदाच बघत होता. त्यांच्या चोची पिवळ्या असतात, हे त्याला माहीत नव्हतं.

"थांब," यशोदाआत्या म्हणाली. तिनं दोन्ही काठांकडं, टेकडीकडं, परत काठाकडं बघितलं. मग खाली वाकून पायातल्या चपला काढल्या आणि बाजूला ठेवल्या.

दिशानं आजीकडं बघितलं आणि वल्ही सोडून बुटांच्या नाड्या सोडायला घेतल्या. मोतीरामनं मुलाच्या कंपनीतून मिळालेले जाड मोजे काढले. दुसऱ्याच्या घरात मोज्यांनी जातात का नाही, याची त्याला खात्री नव्हती. फळी बर्फासारखी गार होती. तिघं अनवाणी, लाइफ जॅकेटं घालून, ओट्यावर बसले.

आत्यानं पिशवीतून हळद-कुंकू काढलं, पाण्यात सोडलं. हात पाण्यात घालून जरा वेळ तसाच ठेवला. "उंबऱ्याला पाय लागायचा माझा सारखा," ती म्हणाली. "आई म्हनायची, एवढा मोठा उंबरा दिसत नाय का." मग तिनं हात पदराला पुसला. "हं. विचार आता."

"जांभूळ कुनाची?"

"आमची."

साठ-पासष्ट वर्षांत मोतीरामनं या उत्तराची तयारी केलेली नव्हती.

"तुमच्या वडलांनी, आबांनी, तुम्हाला असं सांगितलं असंल," तो अखेर म्हणाला.

"आबांना काय माहीत? दगड सरकवले ते आम्ही. तुझ्या आईनं आन् मी."

मग तिनं सांगितलं. कुसाबाई तेव्हा नवी नवरी. यशोदा तेरा वर्षांची. दोघींची गट्टी. कुसाला दिवस गेलेले, आणि डोहाळे लागले ते जांभळांचे. झाड डोळ्यांसमोर लगडलेलं, पण बांधाच्या पलीकडं, आणि यशोदेचा बाप असा की पडलेलं जांभूळसुद्धा मोजून घरात न्यायचा. मागायला लाज वाटे, चोरायला भीती. तेव्हा यशोदेला युक्ती सुचली. झाड हलवता येत नाही, बांध येतो. तीन दिवस, दुपारी सगळे जेवून आडवे झाले की दोघी दगड सरकवायच्या. पोटुशी बाई म्हणून जड दगड यशोदा उचलायची, हलके कुसा. चौथ्या दिवशी जांभूळ कुसाच्या शेतात आली आणि कुसानं पोट दुखेस्तोवर जांभळं खाल्ली.

"आन् मग?"

"मग आबांच्या ध्यानात आलं. तुझ्या आज्यावर धावून गेले. तुझ्या आज्याला काय ठाऊक? तो खरोखरीच शपथा घ्यायला लागला. आता कुसानं बोलावं कसं? सासरा देवाची शपथ घेऊन बसलेला. मला तर आबांनी जित्तं ठेवलं नसतं. म्हनलं, हंगाम संपला की परत सरकवू. तेवढ्यात तुझा जन्म झाला, मग माझं लगीन निघालं. राहून गेलं."

मोतीरामला आई डोळ्यांसमोर दिसत होती, पिंडाची शपथ घालणारी. "पर आई शेवटपर्यंत म्हनत होती..."

"म्हननारच. रोज म्हनून म्हनून तिला ते खरंच वाटायला लागलं असनार. मलाबी वाटलं असतं. पर मनमाडला मला कुनी कधी विचारलंच नाय, म्हनून ध्यानात राहिलं."

"डोहाळे," मोतीरामनं सावकाश विचारलं, "कुनाच्या वेळचे?"

"तुझ्या. थोरला तूच ना?"

म्हणजे दोन घरांमधलं हे सगळं भांडण, मामलेदार, पेन्सिली, काटकोन, तीन तारे, याचं मूळ मोतीराम स्वतः होता. जन्माला यायच्या आधीच त्यानं ते करून ठेवलं होतं. तो अनवाणी पायांकडं बघत बसला.

"तुला सांगितलं, माझं ओझं उतरलं," यशोदाआत्या म्हणाली. "आता भिकनला सांगायचं का नाय, ते तू बघ. मी काय पुन्यांदा नाशिकला येत नाय."

आणि त्याच वेळी भिकनची मोटर वाजली.

आपल्या पाण्यात दुसऱ्याची होडी आहे, हे भिकनला काठावरूनच दिसलं होतं. होडीत कोण आहे हे दिसल्यावर त्यानं मोटर बंद केली. वीस हातांवर येऊन तो थांबला. मोतीराम तिथं आहे हे त्यानं पाहिलेलंच नाही, अशा बेतानं तो आत्याकडं बघत होता.

"आत्या? तू? अजून हायेस? कळवलं तरी असतंस. चहाला यायचं, का इथनंच माघारी?"

"येते की. आधी ह्याचं ऐक."

भिकननं आकाशाकडं बघितलं. मोतीरामनं पाण्याकडं बघितलं. तिथं आता फक्त कुंकवाचा तवंग होता. कुणाला कळणार नव्हतं. आत्या मनमाडला जाणार होती, दिशाला जांभूळ आणि करवंद यातला फरक कळत नव्हता. आईचं म्हणणं जसं होतं तसं राहिलं असतं.

"भिकन," तो म्हणाला. या नावानं त्यानं समोरासमोर पहिल्यांदाच हाक मारली होती आणि ते त्याला जरा परकं वाटलं. "दीड हात."

"काय दीड हात?"

"बांध. दीड हात आमच्याकडून तुमच्यात आलाय. जांभूळ तुमची. आईनं सरकवला."

मोटर बंद होती, वारा पडलेला होता. या वाक्याची वाट बघत भिकनचा बाप मेला होता. त्यामुळं ते आल्यावर पुढं काय बोलायचं, हे भिकनला कुणी सांगून ठेवलेलं नव्हतं.

"दीड?" तो शेवटी म्हणाला. "माझा बाप दोन म्हनायचा."

"दीडच," यशोदाआत्या म्हणाली. "मी मोजला होता."

"कुनाच्या हातानं?"

"माझ्या!"

"तेरा वर्षांची तू तवा, आत्या. तुझा हात केवढा? म्हंजे आपल्या हातानं सव्वाच भरतोय." आपण स्वतःचीच जमीन कमी करत चाललो आहोत, हे भिकनच्या जरा उशिरा लक्षात आलं.

"दीडच धर," मोतीराम म्हणाला. "जांभळंबी खाल्लीत आम्ही."

"नाय, सव्वा म्हंजे सव्वा. आम्हाला कुनाचं पाव हात नको."

हे बराच वेळ चाललं. दिशाला नंतर मैत्रिणींना सांगताना नीट सांगता आलं नाही की दोन म्हातारे तीस हात खोल पाण्यावर बसून एकमेकांना जमीन का देत होते. अखेर सव्वा हात आणि वर तीन बोटं यावर मिटलं. मग मोतीराम म्हणाला, "ताईंच्या हाताला फोड आलेत. मला वल्हं घालता येत नाय तुझ्यात." भिकननं काही न विचारता दोर फेकला.

दोर बांधून आलेली होडी काठावर लागली तेव्हा मंजुषा पाइप घेऊन अजून तिथंच उभी होती. ते एक शेवंतीचं रोप गळ्यापर्यंत पाण्यात होतं.

आठ दिवसांनी तिनं पाटीवर नवीन ओळ रंगवली: सूर्यास्त आणि बदके, दोन्ही. शपथेचं काय, हा प्रश्न यशोदाआत्यानं मनमाडहून फोनवर निकालात काढला. बोलावून आलेल्याला शपथ लागत नाही, कुसा असती तर तीही हेच म्हणाली असती. पण बोलावलं पाहिजे. त्यामुळं मोतीराम आता बांधापाशी थांबतो, वल्ही उचलून धरतो आणि ओरडतो, "भिकन, येऊ का?" भिकन जिथं असेल तिथून "ये" म्हणतो. सूर्यास्ताच्या वेळी हेच उलट्या बाजूनं होतं, फक्त भिकनला आधी मोटर बंद करावी लागते, नाहीतर मोतीरामचं "ये" त्याला ऐकू जात नाही.

मागच्या रविवारी भिकन कुणाच्या तरी साखरपुड्याला गेला होता. मोतीरामच्या होडीत गंगापूर रोडची आठ माणसं होती आणि फोन लागत नव्हता. होडी बांधावर वीस मिनिटं थांबली. माणसांनी डबे उघडले, पोहे संपवले, एकानं डुलकी काढली. दुसऱ्यानं दोनदा विचारलं, "काका, कशाची वाट बघतोय आपण?" मोतीराम म्हणाला, "मालकाची."

एकविसाव्या मिनिटाला फोन लागला. पलीकडं बॅंड वाजत होता.

"किती मानसं हायेत?" भिकननं ओरडून विचारलं.

"आठ."

"जा. पर टेकाडाच्या डाव्या अंगानं जा. उजवीकडं आमचा हरभरा असायचा."